शेवटच्या सेकंदातली किक: अव्वल तायक्वांदोपटूची शारीरिक क्षमता कशी घडते

रिओ ऑलिंपिकमध्ये ऑगस्ट २०१६ मध्ये झालेल्या पुरुषांच्या ८० किलो वजनगटाच्या अंतिम लढतीत ब्रिटनचा लुटालो मुहम्मद ६-४ असा आघाडीवर होता आणि घड्याळात जेमतेम एक सेकंद उरला होता. तेवढ्या अवधीत आयव्हरी कोस्टच्या शेख सल्ला सिसेने गिरकी घेऊन मारलेली किक मुहम्मदच्या डोक्याला लागली, तिचे त्या वेळच्या नियमांप्रमाणे चार गुण मिळाले आणि ८-६ असा निकाल लागून आयव्हरी कोस्टने ऑलिंपिकमधले आपले पहिले सुवर्णपदक मिळवले.

पाहणाऱ्याला हा जिद्दीचा प्रसंग वाटतो आणि जिद्द त्यात होतीच. पण शरीरशास्त्राच्या अंगाने पाहिले तर एक वेगळाच प्रश्न पडतो. दोन-दोन मिनिटांच्या तीन फेऱ्या जवळपास संपलेल्या असताना आणि त्याच दिवशी आधी तीन लढती खेळून झालेल्या असताना पायात एवढा वेग शिल्लक राहतो कसा? जोरदार किक मारू शकणारे पुष्कळ असतात, तासभर न थांबता धावू शकणारेही पुष्कळ असतात. पहिल्या मिनिटाला मारलेली किक सहाव्या मिनिटालाही त्याच वेगाने, त्याच उंचीवर आणि त्याच अचूकतेने मारू शकणारे मात्र फार थोडे असतात. अव्वल दर्जाच्या तायक्वांदोपटूची शारीरिक क्षमता प्रामुख्याने या एका गोष्टीत सामावलेली आहे आणि तिच्या प्रशिक्षणातल्या बहुतेक गोष्टींचा अर्थ याच दृष्टीने लावावा लागतो.

तायक्वांदोत ठरलेल्या हालचालींचा क्रम सादर करण्याचा ‘पूमसे’ हा प्रकार आहे आणि प्रत्यक्ष प्रतिस्पर्ध्याशी लढण्याचा ‘क्योरुगी’ हा प्रकार आहे. ऑलिंपिकमध्ये दिसते ती क्योरुगी, आणि या लेखात तिचाच विचार केला आहे. १९८८ च्या सोल आणि १९९२ च्या बार्सिलोना ऑलिंपिकमध्ये हा खेळ केवळ प्रदर्शनापुरता होता; २००० च्या सिडनी ऑलिंपिकपासून त्यात अधिकृत पदके दिली जाऊ लागली. पॅरिस २०२४ मधली गुणपद्धत पाहिली तर शरीराकडून काय अपेक्षित आहे ते लगेच कळते. छातीच्या गार्डवर ठोसा लागला तर एक गुण, त्याच गार्डवर किक लागली तर दोन, डोक्याला किक लागली तर तीन. आणि गिरकी घेऊन मारलेली किक गार्डवर लागल्यास चार व डोक्याला लागल्यास पाच. सिडनीतल्या लढतींच्या अभ्यासात मिळालेल्या गुणांपैकी ९८ टक्के गुण किकने मिळाल्याचे आढळले होते. हाताला आता त्या काळापेक्षा थोडे अधिक महत्त्व आले आहे, पण हा खेळ आजही पायांचाच आहे, आणि त्यातही जो पाय जितका उंच व जितका अवघड मार्गाने जाईल तितके त्याचे मोल अधिक आहे.

आता दोन मिनिटांच्या एका फेरीत खेळाडू प्रत्यक्षात काय करतो ते पाहू. दूरचित्रवाणीवर लढत सतत चालल्यासारखी दिसते, परंतु घड्याळ लावून मोजले तर खरी चकमक एका वेळी एक ते दोन सेकंदच टिकते. उरलेला वेळ पायांवर हलके उसळ्या मारत राहणे, अंतर कमी-जास्त करणे, हुलकावणी देणे, समोरच्याचा पुढचा पाय आपल्या पायाने अडवणे आणि योग्य क्षणाची वाट पाहणे यात जातो. जोरकस हालचाल आणि सौम्य हालचाल यांचे प्रमाण वेगवेगळ्या निरीक्षणांत साधारणपणे एकास सहा किंवा त्याच्या आसपास आले आहे. म्हणजे एका सेकंदाच्या स्फोटासाठी पाच-सहा सेकंदांची उसंत मिळते आणि हे चक्र फेरीभर पुन्हा पुन्हा फिरत राहते.

या चक्राला लागणारी ऊर्जा शरीर तीन मार्गांनी पुरवते. स्नायूंमध्ये क्रिएटिन फॉस्फेट नावाच्या संयुगाचा लहानसा साठा असतो. तो क्षणात वापरता येतो, पण पूर्ण जोराने काम केले तर काही सेकंदांतच ओसरतो. दुसरा मार्ग साखरेचे प्राणवायूशिवाय विघटन करण्याचा. तो जास्त वेळ टिकतो, मात्र त्यातून लॅक्टेट साचत जाते आणि स्नायूंच्या आतील आम्लता वाढून पाय जड पडल्यासारखे वाटू लागतात. तिसरा मार्ग प्राणवायूच्या साहाय्याने कर्बोदके व चरबी जाळण्याचा. तो सावकाश चालतो, पण दीर्घकाळ चालतो. किक एका सेकंदाची असल्यामुळे ती पहिल्या मार्गावर अवलंबून असते, हे उघड आहे. यावरून अनेकांची अशी समजूत होते की तायक्वांदोपटूला दमसासाची फारशी गरज नाही, त्याने केवळ वेग आणि ताकद कमवावी.

मोजमाप वेगळेच सांगते. ब्राझीलमधील खेळाडूंच्या सराव-लढतींवर २०१२ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात असे दिसले की, एकूण ऊर्जेपैकी सुमारे ६६ टक्के ऊर्जा प्राणवायूच्या मार्गाने आली, सुमारे ३० टक्के क्रिएटिन फॉस्फेटच्या साठ्यातून आली आणि लॅक्टेट तयार करणाऱ्या मार्गाचा वाटा केवळ ४ टक्क्यांच्या आसपास होता. हे कोडे सोडवण्यासाठी इमारतीच्या गच्चीवरची पाण्याची टाकी डोळ्यांपुढे आणावी. खालचा मोठा नळ पूर्ण उघडला की टाकी भराभर रिकामी होते. ती पुन्हा किती लवकर भरेल हे तळमजल्यावरच्या पंपाच्या क्षमतेवर ठरते. क्रिएटिन फॉस्फेटचा साठा ही ती टाकी आणि हृदय, फुप्फुसे, रक्त व स्नायूंतील प्राणवायू वापरणारी यंत्रणा हा तो पंप. किक मारताना टाकीतले पाणी वापरले जाते, पण पुढच्या किकसाठी टाकी भरण्याचे काम मधल्या पाच-सहा सेकंदांत आणि दोन फेऱ्यांमधल्या एका मिनिटाच्या विश्रांतीत पंपच करतो. बऱ्यापैकी रिकामा झालेला हा साठा निम्मा भरायला साधारण अर्धे मिनिट आणि जवळजवळ पूर्ण भरायला काही मिनिटे लागतात. त्यामुळे दोन खेळाडूंची किक सारख्याच वेगाची असली तरी ज्याचा पंप दमदार आहे, त्याला तिसऱ्या फेरीत अधिक किक पूर्ण वेगाने मारता येतात.

मात्र सराव-लढत आणि खरी स्पर्धा यांत मोठा फरक असतो, हे येथे मुद्दाम नमूद करायला हवे. आंतरराष्ट्रीय स्पर्धेतच मोजमाप घेतलेल्या, २००९ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात हृदयाचे ठोके पहिल्या फेरीत सरासरी १७५ च्या आसपास होते आणि तिसऱ्या फेरीत ते १८७ पर्यंत पोहोचले. रक्तातील लॅक्टेटचे प्रमाण पहिल्या फेरीनंतर लिटरमागे सुमारे ७.५ मिलिमोल होते, ते लढतीच्या अखेरीस १२ च्या जवळ गेले. स्वस्थ बसलेल्या माणसात हा आकडा एक-दोनच्या आसपास असतो. खऱ्या स्पर्धेत अॅड्रेनलिनचा स्राव वाढतो, तो हृदयाची गती आणि साखरेचे विघटन दोन्ही वाढवतो, आणि सरावात कधीही न जाणवणारा जडपणा पायांत येतो. म्हणून सराव कितीही कसून केला तरी केवळ सरावातले आकडे पाहून खेळाडू स्पर्धेला तयार आहे असे म्हणता येत नाही. चांगले प्रशिक्षक सरावातच प्रेक्षक, पंच, गुणफलक आणि पराभवाचे काही परिणाम आणून ठेवतात, त्यामागे मानसिक तयारीइतकेच हे शारीरिक कारणही आहे.

दमसास किती असावा, याचे उत्तर बरेच समंजस आहे. २०१४ साली प्रसिद्ध झालेल्या एका व्यापक आढाव्यात तायक्वांदोपटूंची प्राणवायू वापरण्याची कमाल क्षमता पुरुषांमध्ये शरीराच्या दर किलो वजनामागे मिनिटाला ४४ ते ६३ मिलिलिटर आणि स्त्रियांमध्ये ४० ते ५१ मिलिलिटर अशी नोंदवली आहे. जागतिक दर्जाच्या लांब पल्ल्याच्या पुरुष धावपटूंमध्ये हाच आकडा बहुधा ७० च्या वर असतो. म्हणजे तायक्वांदोपटूला मॅरेथॉनपटूचे हृदय लागत नाही. एका पातळीपर्यंतचा दमसास अत्यावश्यक आहे आणि त्या पातळीपुढे तो वाढवण्यात घालवलेला वेळ वेगाच्या कामातून वजा होतो. आपल्याकडे अजूनही अनेक ठिकाणी रोज पहाटे आठ-दहा किलोमीटर धावणे हाच तयारीचा पाया मानला जातो. हंगामाच्या सुरुवातीला त्याचा उपयोग आहे. स्पर्धा तोंडावर आली असताना संथ गतीने तेवढे अंतर तोडत राहणे मला शक्तीचा अपव्यय वाटते, कारण त्या काळात स्नायूंना लागणारी सवय एका सेकंदाच्या स्फोटाची आणि लगेच सावरण्याची असते.

लढतीच्या आतल्या सावरण्याबरोबरच दोन लढतींमधले सावरणेही तितकेच महत्त्वाचे आहे. ऑलिंपिकमध्ये एका वजनगटात साधारणपणे १६ खेळाडू असतात आणि सुवर्णपदकापर्यंत जाणाऱ्याला एकाच दिवसात चार लढती जिंकाव्या लागतात. पॅरिसमध्ये तीनपैकी दोन फेऱ्या जिंकणारा विजयी, अशी पद्धत होती. म्हणजे प्रत्येक लढत चार किंवा सहा मिनिटांची आणि दिवसभराची मिळून १६ ते २४ मिनिटांची खरी झुंज. ही मिनिटे सकाळपासून रात्रीपर्यंत पसरलेली असतात. पहिली लढत सकाळी, पुढची दुपारी आणि अंतिम लढत रात्री, असे दिवसाचे वेळापत्रक असते. मधल्या वेळात शरीर थंड पडते, स्नायू आखडतात, किरकोळ मार सुजू लागतो आणि प्रत्येक लढतीआधी पुन्हा शरीर तापवावे लागते. या दिवशी काय आणि केव्हा खावे, किती पाणी प्यावे, दोन लढतींमध्ये किती वेळ पडून राहावे आणि किती वेळ चालत राहावे, हे सगळे आधीच्या लहान स्पर्धांमध्ये तपासून ठरवलेले असते. तीनपैकी दोन फेऱ्यांच्या पद्धतीत प्रत्येक फेरीची गुणसंख्या शून्यापासून सुरू होते, त्यामुळे पूर्वीप्रमाणे पहिल्या फेरीत मोठी आघाडी घेऊन उरलेला वेळ बचावात काढता येत नाही. एकूण वेळ कमी झाला असला तरी प्रत्येक फेरीत नव्याने जोर लावण्याची गरज त्यामुळे वाढली आहे.

आता किककडे वळू. गोलाकार मार्गाने बाजूने येणारी ‘डोल्यो चागी’ ही या खेळातली सर्वाधिक वापरली जाणारी किक आहे. सरावलेल्या खेळाडूची ही किक जमिनीवरून निघून लक्ष्यापर्यंत पोहोचायला सेकंदाच्या तिसऱ्या हिश्श्याच्या आसपास किंवा त्याहूनही कमी वेळ घेते. एखादी गोष्ट दिसल्यावर साधी प्रतिक्रिया द्यायलाच माणसाला सेकंदाचा पाचवा हिस्सा लागतो. मग पाय निघालेला दिसल्यानंतर मागे सरायला वेळ उरतोच किती? म्हणूनच अव्वल खेळाडू समोरच्याच्या खांद्याच्या, कमरेच्या आणि भार बदलण्याच्या बारीक हालचालींवरून किक निघण्याआधीच तिचा अंदाज बांधतात, आणि मारणारा ती हालचाल जितकी लपवेल तितकी त्याची किक परिणामकारक ठरते.

या किकचा वेग एकट्या पायातून येत नाही. उभ्या पायाने जमिनीला रेटा दिला जातो, तो रेटा कमरेच्या वळणात जातो, मग मांडी पुढे येते, ती थबकू लागते तसा गुडघा उलगडतो आणि शेवटी पाऊल सर्वाधिक वेगाने लक्ष्यावर पोहोचते. या साखळीतली प्रत्येक कडी आधीच्या कडीकडून वेग घेऊन पुढे देते. त्यामुळे केवळ मांडीचे स्नायू फुगवून किक वेगवान होत नाही. उभ्या पायाचा घोटा आणि गुडघा डळमळला, पोटाचे व पाठीचे स्नायू सैल राहिले किंवा कमर उशिरा वळली, तर वरचा पाय कितीही बळकट असला तरी वेग मधेच सांडून जातो. स्क्वॅट, वजन उचलून मारलेल्या उड्या, एका पायावरचे व्यायाम आणि धडाचे फिरणारे व्यायाम तायक्वांदोपटूच्या आठवड्यात असतात ते या कारणाने. येथे एकूण ताकदीपेक्षा वजनाच्या प्रमाणातली ताकद आणि ती किती लवकर बाहेर काढता येते याला महत्त्व आहे, कारण वजनगट ठरलेला असतो आणि अनावश्यक स्नायूही भारच ठरतात.

क्रोएशियाच्या अव्वल महिला तायक्वांदोपटूंचा एक अभ्यास या बाबतीत उद्बोधक आहे. त्यात आंतरराष्ट्रीय पदके मिळवणाऱ्या आणि न मिळवणाऱ्या खेळाडूंची तुलना केली होती. पदक मिळवणाऱ्या खेळाडू उड्यांसारख्या स्फोटक ताकदीच्या चाचण्यांत आणि बाजूला झपाट्याने सरकण्याच्या चाचणीत सरस ठरल्या, तसेच वाढत्या वेगाने धावण्याच्या चाचणीत त्या अधिक वेगापर्यंत टिकल्या. अभ्यासातल्या खेळाडूंची संख्या लहान होती, त्यामुळे त्यावरून सरसकट नियम काढता येणार नाही. तरीही पुढे झालेल्या व्यापक आढाव्याचा सूर हाच आहे की, यशस्वी ज्येष्ठ खेळाडूंच्या पायांत स्फोटक शक्ती अधिक आढळते. टाकी आणि पंप दोन्ही लागतात. पण दोघांचे पंप बरोबरीचे असतील तर निकाल टाकीच्या बाजूने लागतो.

खेळाडूचे शरीर कसे असावे हे खेळाचे नियमही ठरवतात, आणि तायक्वांदोत हे फार स्पष्ट दिसते. पूर्वी कोपऱ्यांत बसलेले पंच किकचा आवाज आणि जोर पाहून बटण दाबून गुण देत, त्यामुळे दणदणीत किकला महत्त्व होते. लंडन २०१२ मध्ये ऑलिंपिकमध्ये प्रथमच छातीच्या इलेक्ट्रॉनिक गार्डचा वापर झाला आणि रिओ २०१६ मध्ये हेडगार्डही इलेक्ट्रॉनिक झाले. गार्डमधले संवेदक, पायमोज्यांमधले संवेदक आणि ठरवून दिलेली जोराची किमान पातळी यांचा मेळ बसला की गुण आपोआप नोंदवला जातो. आता किमान पातळीपेक्षा दुप्पट जोर लावून काहीच जास्त मिळत नाही. मिळते ते पाऊल आधी आणि योग्य जागी पोहोचवण्याने. यातून पुढचा पाय सतत हवेत उचलून धरून त्यानेच अडवायचे, ढकलायचे आणि संधी मिळताच तोच पाय छातीवर किंवा डोक्यावर टेकवायचा, अशी शैली पुढे आली. अनेक जुन्या प्रशिक्षकांना ती रुचत नाही आणि प्रेक्षणीयतेच्या दृष्टीने त्यांच्या तक्रारीत तथ्य आहे. पण शरीराच्या दृष्टीने ती अजिबात सोपी नाही. एक पाय गुडघ्यात दुमडून कमरेच्या उंचीवर धरायचा, त्याच पायाने पाठोपाठ तीन-चार किक मारायच्या आणि तेवढा वेळ दुसऱ्या पायावर उसळ्या मारत मागे-पुढे सरकायचे, हे काही सेकंद करून पाहिले तरी जांघेच्या पुढच्या बाजूचे आणि उभ्या पायाच्या नितंबाचे स्नायू पेटतात. या स्नायूंची सहनशक्ती ही तायक्वांदोची आजची एक खास गरज झाली आहे.

याच बदलाने लांब पायांचे मोलही वाढवले. सिडनीच्या खेळाडूंचा जो अभ्यास झाला त्यातही विजेते आपल्या वजनगटाच्या सरासरीपेक्षा थोडे उंच आणि सडपातळ असल्याचा कल दिसला होता, जरी तो फरक ठोस म्हणण्याइतका नव्हता. आज तो कल उघड्या डोळ्यांना दिसतो. पॅरिसमध्ये महिलांच्या ५७ किलो गटात सुवर्णपदक जिंकणारी दक्षिण कोरियाची किम यू-जिन १८३ सेंटिमीटर उंच आहे. वजनगटाच्या कमाल मर्यादेने हिशेब केला तरी तिचा शरीरवस्तुमान निर्देशांक १७ च्या आसपास येतो; प्रौढांसाठी निरोगी मानली जाणारी कक्षा १८.५ पासून सुरू होते. टोकियो आणि पॅरिस अशा दोन्ही ऑलिंपिकमध्ये ४९ किलो गटाचे सुवर्ण जिंकणारी थायलंडची पानिपाक वोंगपट्टनाकिट हीसुद्धा आपल्या गटाच्या मानाने अशीच उंच आणि सडसडीत. टोकियोच्या अंतिम लढतीत स्पेनच्या अवघ्या १७ वर्षांच्या आद्रियाना सेरेसोविरुद्ध ती शेवटच्या क्षणांपर्यंत एका गुणाने मागे होती आणि अखेरच्या काही सेकंदांतल्या किकने ११-१० अशी जिंकली. लांब पाय जन्माने मिळतो. तो शेवटच्या सेकंदांत उचलता येणे मात्र कमवावे लागते.

उंचीचा फायदा मिळवायचा तर लवचीकता हवी, हे सर्वांना ठाऊक असते, परंतु लवचीकतेचे दोन प्रकार असतात याकडे दुर्लक्ष होते. जमिनीवर बसून पाय पूर्ण फाकवता येणे ही एक गोष्ट, आणि उभे राहून कशाचाही आधार न घेता तोच पाय डोक्याच्या उंचीवर नेऊन तेथे नियंत्रणात ठेवणे ही दुसरी. पहिलीत वजन आणि गुरुत्वाकर्षण मदत करतात. दुसरीत मांडीचा मागचा स्नायू पूर्ण ताणलेला असताना पुढच्या स्नायूंना जोर लावावा लागतो. स्पर्धेत दुसरीच उपयोगी पडते. केवळ पहिलीवर भर दिलेल्या खेळाडूला स्प्लिट सहज जमते, पण तिसऱ्या फेरीत त्याची डोक्यावरची किक खांद्यापर्यंतच पोहोचू लागते, कारण स्नायूंची लांबी तीच असली तरी त्या लांबीवर लागणारी ताकद थकलेली असते. ताणाचे व्यायाम आणि ताकदीचे व्यायाम एकमेकांपासून तोडून शिकवू नयेत असे मला यामुळेच वाटते.

शारीरिक क्षमतेच्या चर्चेत सर्वांत नाजूक विषय वजनाचा आहे. जागतिक अजिंक्यपद स्पर्धेत पुरुष आणि स्त्रियांचे प्रत्येकी आठ वजनगट असतात, तर ऑलिंपिकमध्ये प्रत्येकी चारच. म्हणजे जागतिक स्पर्धेत ६३ किलो गटात खेळणाऱ्या पुरुषाला ऑलिंपिकसाठी एकतर ५८ पर्यंत खाली यावे लागते किंवा ६८ किलोच्या गटात आपल्याहून दणकट खेळाडूंशी भिडावे लागते. दक्षिण कोरियाचा ली दे-हून याने हे दोन्ही अनुभवले. ६३ किलो गटात २०११ आणि २०१३ साली जगज्जेता झालेल्या या खेळाडूने लंडनमध्ये ५८ किलो गटात रौप्यपदक मिळवले आणि रिओमध्ये ६८ किलो गटात कांस्यपदक. त्याच्यासारख्या असामान्य खेळाडूच्या कारकिर्दीत ऑलिंपिक सुवर्ण नाही, यात या मधल्या गटाच्या अभावाचा काही वाटा असावा, असे मला वाटते.

वजन कमी करण्याची रीत सावकाश आणि आहाराच्या आधारे असेल तर ती निभावते. धोका असतो तो वजन घेण्याआधीच्या शेवटच्या काही दिवसांत पाणी तोडण्यात, जाड कपडे घालून घाम गाळण्यात आणि सौनात बसून राहण्यात. शरीरातले पाणी घटले की रक्ताचा द्रवभाग कमी होतो, त्याच कामासाठी हृदयाला अधिक ठोके द्यावे लागतात, घामावाटे उष्णता बाहेर टाकण्याची क्षमता घटते आणि साखरेचे साठे रिते झालेले असल्याने सावरण्याचा वेग मंदावतो. ज्या पंपाची आपण इतकी चर्चा केली, तोच नेमका अशक्त होतो. वजन स्पर्धेच्या आदल्या दिवशी घेतले जाते, त्यामुळे रात्रीतून खाऊन-पिऊन सगळे भरून काढू असा हिशेब खेळाडू करतात. याला आळा घालण्यासाठी जागतिक संघटनेने स्पर्धेच्या दिवशी सकाळी सोडतीने निवडलेल्या खेळाडूंचे पुन्हा वजन घेण्याची पद्धत आणली आहे. त्या वेळी वजन गटाच्या मर्यादेपेक्षा ५ टक्क्यांहून अधिक भरले तर खेळाडू बाद होतो. ५८ किलो गटात ही सीमा ६०.९ किलोची होते. नियम स्वागतार्ह आहे, पण ५ टक्के ही सवलतही लहान नाही.

स्त्री खेळाडूंच्या बाबतीत याचे परिणाम अधिक खोल जातात. व्यायामात खर्च होणाऱ्या ऊर्जेच्या मानाने आहार दीर्घकाळ अपुरा राहिला तर मासिक पाळी अनियमित होते किंवा थांबते, हाडांची घनता घटते आणि ताणामुळे हाडांना सूक्ष्म तडे जाण्याचा धोका वाढतो. पाळी थांबणे हे कठोर मेहनतीचे लक्षण म्हणून सोडून देण्याची वृत्ती खेळाच्या जगात बरीच वर्षे होती. ते शरीर उपाशी असल्याचे लक्षण आहे आणि त्यावर वैद्यकीय सल्ला घेतलाच पाहिजे.

इतक्या विविध क्षमता एकाच वेळी तपासायच्या कशा, हा प्रशिक्षकांपुढचा व्यावहारिक प्रश्न असतो. महागड्या प्रयोगशाळेची गरज नसलेली एक चांगली चाचणी ब्राझीलमधील संशोधकांनी रूढ केली आहे. खेळाडूने सरावाच्या बॅगसमोर उभे राहून दहा सेकंदांत दोन्ही पायांनी आलटून-पालटून जमतील तितक्या डोल्यो चागी मारायच्या, दहा सेकंद थांबायचे आणि असे पाच संच करायचे. समजा एखाद्या खेळाडूने अनुक्रमे २०, १९, १९, १८ आणि १७ किक मारल्या. एकूण ९३ झाल्या. त्याने सर्व संचांत पहिल्याइतक्याच मारल्या असत्या तर १०० झाल्या असत्या. म्हणजे घसरण ७ टक्के. दुसऱ्या एखाद्या खेळाडूने २२ पासून सुरुवात करून १५ वर शेवट केला, तर त्याचा पहिला संच पाहून प्रशिक्षक खूश होईल, पण शेवटचा संच त्याच्या तिसऱ्या फेरीचे भाकीत करत असेल. पहिल्या खेळाडूला वेगाचे आणि ताकदीचे काम अधिक द्यावे लागेल, दुसऱ्याला सावरण्याचे. एकाच वर्गातल्या दोघांना एकच व्यायाम देणे किती चुकीचे ठरू शकते, हे अशा साध्या आकड्यांतून कळते. किक मोजताना ती ठरलेल्या उंचीवर आणि पूर्ण जोराने लागली आहे का हे मात्र पाहायला हवे, नाहीतर संख्या वाढते आणि किक ढासळते.

महाराष्ट्रात लहान-मोठ्या शहरांतल्या शाळांच्या सभागृहांत आणि सोसायट्यांच्या आवारात हजारो मुले तायक्वांदो शिकतात. अव्वल खेळाडूंविषयीची ही माहिती त्यांना जशीच्या तशी लागू करू नये, असे मला आग्रहाने सांगावेसे वाटते. वाढीच्या वयातल्या मुलांनी वजनगटासाठी पाणी किंवा जेवण तोडण्याचे काहीही कारण नाही. वर्षभरात उंची वाढलेल्या मुलाने पुढच्या गटात खेळावे, हेच योग्य. उंची झपाट्याने वाढत असते त्या काळात हाडे स्नायूंच्या पुढे धावतात, सांधे आखडल्यासारखे वाटतात आणि गुडघ्याखाली किंवा टाचेत दुखू लागते. अशा वेळी जबरदस्तीने पाय फाकवून घेण्याऐवजी किकची संख्या कमी करून उभ्या पायाचा तोल, उडी मारून मऊ उतरणे आणि दोन्ही पायांनी सारखेच काम करणे यावर भर द्यावा. गुडघा आत न झुकवता एका पायावर उतरण्याची सवय दहाव्या-बाराव्या वर्षी लागली, तर पुढे गिरकी घेऊन उतरताना गुडघ्याच्या अस्थिबंधाला होणारी इजा टाळण्यास तिची मदत होते. हा व्यायाम दिवसाला दहा मिनिटांचा आहे, त्याला ना गार्ड लागते ना मॅट, आणि तो नेमका कसा करायचा हे प्रशिक्षकाने मुलांबरोबर पालकांनाही एकदा दाखवून ठेवले, तर सुट्टीतही त्यात खंड पडत नाही.